कुणाचा रे तू?

धसईला एस्टीतून कुणी अनोळखी पोरगा उतरला की पारावरचा म्हातारा त्याला नाव विचारीत नाही. विचारतो, "कुणाचा रे तू?" बापाचं नाव सांगितलं की पुढचा सवाल, "कुठल्या आळीतला?" आळी कळली की म्हाताऱ्याचं काम झालं. पाणी द्यायचं, बसायला गोणपाट टाकायचं, का उभ्याउभ्याच वाटेला लावायचं, ते त्याच्या डोक्यात आपसूक ठरतं. आता एवढं उघड कुणी करीत नाही. म्हातारेही हुशार झालेत. पण सवाल तोच आहे आणि मी सत्तावीस वर्षं तो ऐकत आलोय.

तोच सवाल काचेच्या खिडकीतून, कॉम्प्युटरच्या निळ्या उजेडात, हातात पासपोर्ट धरून विचारतात हे मला २०२४ च्या ऑक्टोबरात कळलं. त्याची ही हकीकत. कवितेत बसवायचा प्रयत्न केला, बसली नाही. कवितेत मी स्वतःला फार लवकर माफ करून टाकतो, असा अनुभव आहे.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत सूतगिरणीत कामाला आहे. रिंगच्या साच्यावर. बॉबिन भरली की उतरव, रिकामी लाव, तुटलेला धागा सांध. पाळी सुटली की गेटवर दोन्ही हात वर करून उभं राहायचं. वॉचमन काखेत, कमरेला, पायाच्या पोटरीला चापसून बघतो. आठ तासांत ज्या हातांनी मालकाचं सूत काढलं त्याच हातांत मालकाचं सूत लपलंय का, ते बघायचं. माझा आजा परळच्या गिरणीत त्रासन खात्यात होता. त्याचीही रोज अशीच झडती व्हायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजा धसईला परत आला तो कायमचा. म्हातारपणी कुणी त्याच्या पाठीला हात लावला तरी त्याचे दोन्ही हात आपोआप वर जायचे. आम्ही पोरं हसायचो. आता हसू येत नाही, कारण मागच्या महिन्यात बायकोनं शर्टाचा काज बघायला हात लावला आणि माझे हात वर गेले.

गिरणीच्या गेटावर दोन झडत्या असायच्या, हे नव्या पोरांना ठाऊक नसतं. एक बाहेर पडतानाची, अंगाची. दुसरी आत शिरतानाची, जातीची. वीणखात्यात पगार जादा, पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. आपल्या ओठांचा विटाळ सुताला होत नव्हता, सुतापलीकडच्या ओठांना होत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हाच जाब विचारला होता, की तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही? साच्यावर उभा राहिलो की मला हे आठवतं. आमच्याकडं आता धोटा नाही, रिंग आहे. पण जॉबर नव्या बदली कामगाराला पहिला सवाल काय विचारतो, सांगू? "कुठल्या गावचा? कुणाचा?"

असो. विमानाकडं येतो.

आमच्या विहारात बायकांची भिशी आहे. आत्यानं त्यातून तीन वर्षं पैसे साठवले. आत्या साठीला टेकलेली, भाताच्या लावणीला अजून वाकून चालते. तिच्या डोक्यात एकच होतं, बुद्धाच्या देशात जायचं. मी म्हटलं, आत्या, बुद्धाचा देश हाच. ती म्हणाली, "हितला बुद्ध हितल्या लोकांनी पुरून टाकलाय. जिथं तो उघड्यावर बसलाय तिथं मला ने." कल्याणच्या एका टूरवाल्यानं थायलंडची पाच दिवसांची सहल काढली होती. भारतीयांना तिथं तेव्हा व्हिसा लागत नव्हता, नोव्हेंबर २०२३ पासून माफ केला होता. म्हणून खर्च थोडा कमी. तालुक्यातल्या चार-पाच विहारांतून मिळून एकवीस माणसं जमली. त्यात अठरा पन्नाशीच्या वरची. बाकी तीन म्हणजे टूरवाल्याचा माणूस, मी, आणि आत्याचा पोरगा.

आत्याच्या पोराबद्दल सांगायला पाहिजे. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सातवीत शाळा सुटली. पावसाळ्यात शेतावर, दिवाळीनंतर वीटभट्टीवर, मध्ये कधी ट्रकवर हमाली. आत्याला एकटीला पाठवायचं नाही म्हणून त्यानं स्वतःचे पैसे उसने घेऊन भरले. भात कापणी तोंडावर आली होती, मजुरी बुडणार होती. तरी आला. त्याला बुद्धाचं फारसं काही नव्हतं, विमानाचं होतं. लहानपणी आम्ही दोघं म्हसाच्या जत्रेत पत्र्याच्या विमानात बसलोय. एका तिकिटावर दोघं, तो माझ्या मांडीवर.

पासपोर्ट काढताना आमच्या दोघांत एक फरक पडला. मी आठवीत शाळा सोडली होती, पण पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी पास झालो. रात्रपाळी करून अभ्यास केला, गणितात छत्तीस मार्क. त्या छत्तीस मार्कांनी माझा पासपोर्ट कोरा राहिला आणि त्याच्या पासपोर्टावर ठसा उमटला, 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'. लोक त्याला ईसीआर म्हणतात. १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. दहावी न झालेला माणूस आखातात किंवा यादीतल्या अठरा देशांत कामाला जाणार असेल तर सरकारची परवानगी घ्यावी लागते. यादीत सौदी, कुवेत, कतार आहेत, मलेशिया आहे, थायलंडपण आहे. हेतू चांगला, अडाणी मजुराला दलालानं परदेशात नेऊन विकू नये. फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. कायदा असं म्हणतो. पण ठसा हा ठसा असतो. खिडकीवरच्या माणसाला पानं उलटताना तो पहिला दिसतो.

२०१८ च्या जानेवारीत तर सरकार असल्या लोकांचे पासपोर्ट वेगळ्या रंगाचे, नारिंगी करणार होतं. दहावी नापासाचा नारिंगी, शिकलेल्याचा निळा. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा त्याच महिन्याच्या शेवटी बेत मागं घेतला. मला ते वाचून गळ्यातलं मडकं आठवलं. दुरूनच ओळखू यावं, जवळ येऊ देऊ नये, एवढंच त्यात होतं.

निघालो त्या दिवशी धसईहून पहाटेची एस्टी, मुरबाड, रायत्याचा पूल, कल्याण. आमच्या तालुक्यात रेल्वे अजून आलेली नाही, निवडणुकीत येते आणि जाते. कल्याणला टूरवाल्यानं सगळ्यांना फलाटावर बसवून शिकवणी घेतली. कुठं चाललात विचारलं तर फिरायला म्हणा. कोण सोबत विचारलं तर ग्रुप म्हणा. जास्त बोलू नका. पैसे विचारले तर हे बाट दाखवा. माणशी दहा हजार बाट जवळ ठेवायचे, ते त्यानंच वाटले आणि वर्षावासाच्या दानासारखे मोजून परत घेणार असं बजावलं. आत्याचा पोरगा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "आपला गाव तर कॅशलेस ना रं?" १ डिसेंबर २०१६ ला धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं, मंत्री आले होते, वडापाववाल्याकडंपण मशीन ठेवलं होतं. आणि इथं माणूस खरा आहे हे दाखवायला रोकड लागत होती. आम्ही हसलो. त्या दिवसातलं शेवटचं हसणं.

विमानतळ कुठलं ते लिहीत नाही. खिडकीवरच्या साहेबाचंही काही सांगत नाही, त्याच्या जागी दुसरा असता तर दुसरा असता. रांगा होत्या. आत्या पुढं. तिचं वय बघून साहेबानं वर मान न करता शिक्का मारला. आत्या पलीकडं गेली, पिवळ्या पट्टीच्या पार. मग मी. "क्या करते हो?" गिरणीत. "कौनसी गिरणी? पगार किती? टिकट का पैसा कुणी दिला? पहिल्यांदा चाललास? कशाला?" मी म्हटलं, बुद्धाची देवळं बघायला. त्यानं माझ्याकडं बघितलं. नाव पुन्हा वाचलं. आडनाव दोनदा वाचलं. "अच्छा," म्हणाला. तो 'अच्छा' मला पाठ आहे. शाळेत मास्तर हजेरी घेताना, बँकेत कर्जाचा फॉर्म देताना, पारावरच्या म्हाताऱ्याला आळी सांगितल्यावर, तोच 'अच्छा'. पण शिक्का मारला. मी दोन पावलं पुढं झालो.

आत्याच्या पोरानं पासपोर्ट पुढं केला. साहेबानं ठशाचं पान काढलं आणि खुर्चीत सरळ बसला.

"क्या काम करता है?"

"मिळंल ते."

"मतलब?"

"शेती. भट्टी. हमाली."

"थायलंड कशाला?"

"आईसंगं."

"आई कुठंय?" त्यानं पलीकडं हात केला. पलीकडं एकसारख्या पांढऱ्या लुगड्यांत दहा-बारा बाया होत्या. "उसमें से कौन?"

आत्या पाठमोरी होती. हाक मारली तरी काचेमुळं ऐकू जात नव्हतं.

मग साहेबानं तो सवाल विचारला. अगदी मऊ आवाजात, मराठीत. "तिकडं एखादं काम मिळालं, चांगलं, पन्नास हजारांचं, तर करशील का?"

आणि हा माझा भाऊ, ज्याला कधी कुणी नोकरी विचारली नव्हती, हसून म्हणाला, "मिळालं तर कोण सोडंल साहेब."

झालं. खरं बोलला. पोट असलेला कुठलाही माणूस हेच बोलेल. साहेबानं पासपोर्ट बाजूला ठेवला आणि त्याला एका बाकावर बसायला सांगितलं. मग त्याची नजर माझ्यावर आली. मी तिथंच दोन पावलांवर घुटमळत होतो. माझा शिक्का बसलेला पासपोर्ट माझ्या हातात होता. त्यानं विचारलं, "ये कौन है तुम्हारा?"

मी म्हटलं, "ग्रुप में है."

भाऊ आहे असं म्हटलं नाही. आत्याचा पोरगा, सख्ख्यासारखा वाढलेला, एका मांडीवर बसून विमानात फिरलेला, यातलं काही नाही. 'ग्रुप में है.' टूरवाल्यानं शिकवलेलं वाक्य. साहेबानं मान हलवली. मी पिवळ्या पट्टीच्या पार गेलो.

साहेबाची बाजू मला माहीत नाही असं नाही. पुढं मी ते सगळं वाचून काढलं. थायलंडात चांगली नोकरी आहे म्हणून सांगून पोरांना नेतात, तिथून नदीपलीकडं म्यानमारात म्यावाडीला ढकलतात, पासपोर्ट काढून घेतात आणि तारेच्या कुंपणात बसवून फोनवरून लोकांना फसवायचं काम करून घेतात. केलं नाही तर मार. २०२२ पासून सरकार याबद्दल सूचना काढतंय. मार्च २०२५ मध्ये वायुदलाची दोन विमानं पाठवून तिथून साडेपाचशेच्या आसपास माणसं परत आणावी लागली. तेव्हा विचारपूस करू नका असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण दलालानं पढवून पाठवलेला पोरगा 'काम करशील का' ला 'नाही' म्हणतो आणि पार होतो. जो 'हो' म्हणतो त्याच्यामागं दलाल नसतो. एवढं साधं गणित, छत्तीस मार्कवाल्यालाही कळतं.

आणि हे फक्त आपल्याकडंच असंही नाही. जॉर्ज फर्नांडिस, मुंबई बंद पाडणारा माणूस, देशाचा संरक्षणमंत्री झाला आणि अमेरिकेत वॉशिंग्टनच्या विमानतळावर त्याची झडती झाली, एकदा नव्हे, दोनदा. अब्दुल कलाम राष्ट्रपती होऊन गेले होते, तरी २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकन विमान कंपनीच्या माणसांनी त्यांना तपासलं, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कला विमानात बसल्यावर त्यांचा कोट आणि बूट मागून नेले. २००९ मध्येच शाहरुख खानला न्यूअर्कला नावावरून अडकवून ठेवलं. अमेरिकेला जाणाऱ्या काही जणांच्या बोर्डिंग पासवर चार वेळा 'एस' छापून येतो. तो आला की वेगळ्या रांगेत काढायचं, सामान उचकायचं, सवाल करायचे. का आला ते सांगत नाहीत. ऑक्टोबर २०१७ पासून तर अमेरिकेकडं जाणाऱ्या प्रत्येक विमानाच्या प्रवाशांना चढण्याआधी सवाल करायचा नियमच केला. चेहरा, हालचाल, घाम बघून गुन्हेगार ओळखणारे अधिकारी तिकडं नेमले होते. २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी हिशेबनीसांनी सांगितलं की असा माणूस ओळखता येतो याला शास्त्राचा पुरावा नाही. तरी ते चालू राहिलं. माझं म्हणणं, त्यांनी आमच्या पारावरचा म्हातारा न्यावा. तो एका सवालात सगळं ओळखतो, घामसुद्धा बघत नाही.

पण मोठ्यांची गोष्ट आणि आपली यात फरक आहे. त्यांची झडती पेपरात आली. कंपनीनं माफी मागितली, वकिलातीनं पत्र पाठवलं. वीटभट्टीवाल्याची माफी कोण मागणार?

मला विमानात आठवत राहिलं ते बाबासाहेबांचं छोटं पुस्तक, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. वीसेक पानांचं. त्यांनी १९३५ च्या आसपास परदेशी वाचकाला समजावं म्हणून लिहिलं, छापलं मात्र १९९० मध्ये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते पोरांना शिकवतात. पुस्तकभर व्हिसा कुठंच नाही, नावात तेवढा आहे. आत काय आहे? सवाल आहेत. १९०१ साली नऊ वर्षांचा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर बापाला भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर चांगले कपडे बघून स्टेशन मास्तर आधी गोड बोलला, मग कोण तुम्ही विचारलं, पोरांनी खरं सांगितलं आणि मास्तर आपल्या खोलीत निघून गेला. १९१७ साली बडोद्याला पारशाच्या धर्मशाळेत राहायला जागा मिळावी म्हणून त्यांनी वहीत पारशी नाव लिहिलं. अमेरिकेतून शिकून आलेला माणूस. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी आले, कोण तू? आणि बिऱ्हाड बाहेर. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर पुन्हा तेच, हौदाला शिवू नये म्हणून सोबत हत्यारी पहारेकरी.

त्यात एक प्रसंग आहे, तो मी पूर्वी वाचून पुढं गेलो होतो. गोरेगावच्या वाटेवर रात्री टोलनाका लागतो. पोरं तहानेनं व्याकूळ. गाडीवान म्हणतो, मुसलमान आहोत म्हणून सांग. नऊ वर्षांचा भीम जाऊन उर्दूत बोलतो, मुसलमान असल्याचं सांगतो, पाणी मागतो. तरीही पाणी मिळत नाही. इतकी वर्षं मला त्यात पाणी न देणारा टोलवाला दिसत होता. या वेळी मला ते पोर दिसलं, जे नाक्यावरून खोटं बोलून गाडीकडं परत येतं आणि भावंडांना सांगतं, नाही मिळालं. त्यानं खोटं बोलायचं ठरवलं ते सगळ्यांच्या तोंडात पाणी पडावं म्हणून. मी 'ग्रुप में है' म्हटलं ते एकट्याला पार व्हावं म्हणून. या दोन गोष्टी शेजारी ठेवायची माझी लायकी नाही, तरी त्या शेजारी येऊन बसतात.

आणखी एक सांगतो, ते आपल्या पोरांच्या सभेत कुणी फारसं बोलत नाही. गावाच्या वेशीवर परक्याला अडवून 'कोण तू' विचारायचं काम पिढ्यानपिढ्या आपलंच होतं. वेसकर म्हणजे कोण? महार. रात्री वेस लावायची, सकाळी उघडायची, आलागेला ध्यानात ठेवायचा, चोराचा माग काढायचा. सगळ्यांना सवाल विचारायचा हक्क आपल्याला, आणि आत राहायचा हक्क नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतनाविरुद्ध कायदेमंडळात बिल आणलं, ही गुलामी मोडायला तीस वर्षं लागली, १९५८ मध्ये कायदा झाला. पण वेशीत उभं राहायची सवय पायांतून गेली का? त्या पिवळ्या पट्टीच्या पलीकडं उभा राहून मी मागं वळून बघितलं तेव्हा मी वेसकरासारखाच दिसत असणार. वेस लावून घेतलेला.

आत्याला मी सांगितलं, कागदाची भानगड झाली, तो घरी जाईल. ती म्हणाली, "मी पण जाते." पण शिक्का बसल्यावर असं सरळ परत फिरता येत नाही. टूरवाला घड्याळ दाखवीत होता. आत्या बसली. विमान उडताना तिनं डोळे मिटले नाहीत, बाकीच्या बाया मिटून बसल्या होत्या. शेजारची सीट मोकळी राहिली. तिच्यावर आत्यानं त्याची पिशवी ठेवली, बोर्डिंगच्या आधी त्यानं तिला धरायला दिलेली. आत सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या.

बँकॉकचं फार लिहीत नाही. वाट फोचा निजलेला बुद्ध सेहेचाळीस मीटर लांब. त्याच्या पाठीमागच्या भिंतीला काशाची एकशेआठ भांडी ओळीनं मांडलीत, त्यांत एकेक नाणं टाकीत जायचं. आत्यानं दोनदा फेरी केली. दुसरी कुणाची ते मी विचारलं नाही. वाट त्रायमितला सोन्याचा बुद्ध आहे, साडेपाच टनांचा. शेकडो वर्षं त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता, लुटारूंपासून लपवायला दिलेला, आणि मग लोक विसरूनच गेले. १९५५ मध्ये हलवताना तो पडला, गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. गाइड हे हिंदीत सांगत होता. बाया साधू साधू म्हणाल्या. आत्या म्हणाली, "फोडल्याबिगर कुणाला काय कळत नाय." ती बुद्धाविषयी बोलत होती का, माहीत नाही.

परत आलो. कल्याण स्टेशनच्या बाहेर एस्टी स्टँडवर आत्याचा पोरगा उभा. आंघोळ करून, भांग पाडून, हातात प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं आणायला आला. तर तो घरी गेलेलाच नव्हता. पाच दिवस उल्हासनगरला एका दोस्ताच्या खोलीवर राहिला, गोदामात माल उतरवला, उसन्या पैशातले थोडे जमवले. धसईला एकटा परत गेलो असतो तर गाव काय म्हणालं असतं? विमानातून उतरवला, म्हणजे काय तरी केलं असंल. असंच म्हणालं असतं. पिशवीत परदेशी चॉकलेटं होती, उल्हासनगरच्या बाजारातली. आत्यानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि भाकरीची पिशवी परत दिली. भाकऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. एस्टीत तो माझ्या शेजारी बसला. रायत्याचा पूल येईपर्यंत त्यानं माझ्या मोबाइलमधले सगळे फोटो बघून पाठ केले. किती मोठा? सेहेचाळीस मीटर. जेवण कसं? भातच. ऊन? आपल्यासारखंच.

संध्याकाळी विहारात माणसं जमली. सवालांवर सवाल. विमानात पोटात गोळा येतो का, तिकडची माणसं कशी, बुद्धाचे पाय केवढे? त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. माझ्यापेक्षा चांगली. पायांवर शिंपल्यांची नक्षी आहे हे मी विसरलो होतो, त्यानं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं मध्येच मला विचारलं, गंमतीनंच, "हा खरंच होता ना रं संगं? का कल्याणातच फिरला?" सगळे हसले.

मी म्हटलं, "होता. माझ्या शेजारीच बसला होता. भाऊ हाय माझा."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बुद्धाच्या पायांचं पुढं सांगत राहिला.

हा मजकूर लिहून झाल्यावर तो छापायला द्यायचा का, हे मला ठरवता येईना. छापला तर त्याचं गुपित फुटतं. म्हणून भट्टीवर गेलो, त्याला शेजारी बसवून सगळा वाचून दाखवला. खिडकीचा भाग आला तेव्हा मी एक ओळ गाळली. ऐकून झाल्यावर तो बराच वेळ हातातल्या विटेच्या कडा अंगठ्यानं साफ करीत राहिला.

मग म्हणाला, "छाप. माझं नाव नको टाकू. लोकांना कळलं तर कळू दे, आता फिटलंय उसनं." आणि थोडं थांबून, "आन ती खिडकीपाशी तू काय बोललास, ते गाळलंस. मी ऐकलेलं. ते पण लिव."